पोटावरचा हात

…नाही नाही, तिथे नको, खिडकीपाशी नको बूट काढूस — इकडे ये, दाराजवळ, चटईच्या कडेला ठेव — हां. आता बस. ती उशी घे पाठीला, भिंत गार आहे. तर काय म्हणत होतीस तू — पोटाचा नाच? ते नाव परक्यांनी ठेवलेलं, पोरी, आम्ही नुसतं नाच म्हणतो. पोट काय, सगळ्यांनाच असतं, खाली कोपऱ्यावरच्या कबाबवाल्याला काय कमी पोट आहे? — म्हणून तो नाचतो होय? हसलीस! बरं झालं बाई. वर आलीस तेव्हा खांदे कानाला लागले होते तुझे. तीन जिने चढून कोणी एवढं घाबरत नाही, जिन्यांची भीती नव्हती ती — घरी सांगितलं नाहीयेस, हो ना? नको सांगू, मी विचारत नाही. या मोहम्मद अली रस्त्यावर मी पन्नास वर्षं मुली शिकवतेय, दहातल्या आठ जणी घरी शिवणाचा क्लास म्हणून सांगून येतात. अख्ख्या कैरोत नसतील एवढे शिवणाचे क्लास या एका रस्त्यावर आहेत. आणि सुई कुणाला ओवता येत नाही.

चहा घे. साखर तळाशी आहे, ढवळ. — काय असतं क्लासात? अगं, काहीच नसतं. पहिला महिना मी तुला नाचूच देणार नाही. चालायचं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अनवाणी, टाच टेकवायची मग बोटं, आणि मी बघणार. हसू नकोस, चालता येत नाही कुणाला, तुलाही येत नाही, मी बघितलं ना दारातून आत येताना — डावं पाऊल ओढतेस. मग महिन्याभराने कंबर. कमरेला ओढणी घट्ट बांधायची, ती खुळखुळणारे पैसे लावलेली नको, साधी — पैसे वाजले की मुलीला वाटतं आपण नाचतोय. पैसे नाचतात, बाई हलते नुसती. मग एक कंबर खाली टाकायची, दगड विहिरीत टाकल्यासारखी, आणि आवाज येईपर्यंत थांबायचं. ते थांबणंच शिकायला दोन वर्षं लागतात. हलणं काय, गाढवही हलतं. मग श्वास. मग, फार नंतर, पोट — लाट वरून खाली आणायची, खालून वर न्यायची, आणि चेहऱ्यावर काही नाही, जणू तुझं तुलाच ठाऊक नाही. अंग दुखेल, मांड्या दुखतील, एखाद दिवशी रडशील. वजन कमी होणार का? नाही. त्यासाठी यायचं असेल तर उठ आत्ताच. — बस, बस, गंमत केली.

आणि चांगली शिकवणारी कशी ओळखायची, तेही विचारलंस ना मघाशी, जिन्यातून वर येता येताच — तुझ्यासारखं कुणी विचारत नाही, सगळ्या विचारतात किती दिवसांत येईल. चांगली शिकवणारी… बघ, जी स्वतःच नाचून दाखवते तासभर, ती नव्हे. तिला तू नको असतेस, तिला बघणारे डोळे हवे असतात. जी सारखी वाहवा करते तीही नव्हे. आणि जी कधीच वाहवा करत नाही… ती… माझी उस्ता, माझी गुरू, तशी होती. उस्ता झकिय्या. मी अकरा वर्षांची असताना तिच्या हाताखाली गेले, पन्नाशी उलटली तरी तिच्या तोंडून एकदा ‘बरं केलंस बहीगा’ आलं नाही. एकदाही नाही. मी नाचून आले की ती सुपारी — सुपारी कसली, बडीशेप चघळत असायची, आणि म्हणायची, ‘पाणी पी.’ बस्स. पाणी पी. चाळीस वर्षं मी पाणी पीत राहिले.

पण हात ठेवायची ती. तेच मी उचललं तिच्याकडून. — हो, बरोबर ऐकलंस, कोणी सांगितलं तुला? माझ्याकडे शिकून गेलेल्या त्या सबाहने? तिला काय, जीभ आहे. हो. उस्ता बहीगा पोटावर हात ठेवून शिकवते. शिकवायची. मुलगी समोर उभी, मी तळवा असा, बेंबीच्या खाली, दाबायचं नाही, नुसता टेकवायचा, आणि दुसरा पाठीला. की मला कळायचं. अगं, सगळं कळायचं — श्वास कुठे अडकतो, सकाळी खाऊन आलीय की उपाशी, पाळी कधी येणार, रात्री नवऱ्याशी भांडून आलीय का. एकीला मी सांगितलं, घरी जा आणि आईला सांग, दोन महिने झालेत — तिला स्वतःला पत्ता नव्हता! तोंड बोलतं तसं पोट बोलतं, फक्त खोटं बोलत नाही. मुतवल्ली, आमचा दरबुका-ढोल वाजवणारा, देव त्याला सुखात ठेवो, म्हणायचा, ‘बहीगाच्या हाताला कान आहेत.’

आता नाही ठेवत. एकोणीस वर्षं झाली. आता मुली स्वतःचा हात स्वतःच्या पोटावर ठेवतात, मी लांबून सांगते. नाही येत तसं, मला माहीत आहे नाही येत. — का म्हणजे? वय झालं. हात गार पडतात. मुलींना आवडत नाही.

तू त्या खिडकीकडे सारखी बघू नकोस गं. तिथे काही नाही. तिथे मी कुणाला उभं करत नाही एवढंच. मुलींना वाटतं फरशी खचलीय. फरशी चांगली आहे. ती शाहिनाझची जागा. तिथे उजेड येतो दुपारचा, आणि ती उजेडाशिवाय उभीच राहायची नाही, मांजरासारखी. आत्ता माझ्याकडे सहा मुली आहेत, मंगळवार-गुरुवार. श्वास सोडायला सांगते ना — सगळ्या मिळून, सोडा — तेव्हा मी मोजते. उगाच, सवय. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि मग एक, जरासा मागून. ती नेहमी जरा मागूनच सोडायची. — घाबरू नकोस, म्हातारे कान आहेत, खाली ऊद नावाचं तंतुवाद्य बनवणाऱ्याच्या दुकानात रंधा चालतो, त्याचाही असेल आवाज. असेलच.

कोण म्हणजे? तफीदाची मुलगी. तफीदा माहीत नसणार तुला — नाचणाऱ्या बायकांचे पोशाख शिवायची, मणी लावायची, पलीकडच्या गल्लीत. नवरा लवकर गेला, एवढी एकच मुलगी. पंधरा वर्षांची होती तेव्हा आईने हाताला धरून आणली माझ्याकडे — विचार कर, आई स्वतः! म्हणाली, ‘बहीगा, मी मणी लावत बसते आणि ही माझ्यामागे ते अंगावर धरून आरशासमोर उभी राहते. शिकायचंच असेल तर तुझ्याकडे शिकू दे, रस्त्यावर नको.’ आणि मी तिचं चालणं बघितलं. एकच फेरी. मला तिला चालायला शिकवावं लागलं नाही. मी तफीदाला म्हटलं, आठवड्यातून दोनदा पाठव, आणि मुलगी आत चहा आणायला गेल्यावर मी रडले, हे कुणाला सांगितलं नाही कधी. तुला का सांगतेय कोण जाणे.

फक्त एक खोड होती तिला — जास्त करायची. सगळं भरभरून. तरुण ना. कंबर, खांदे, हात, केस, सगळं एकदम, लग्नातल्या ताटासारखं. मी म्हणून म्हणून थकले, ‘पोरी, थोडकं कर. अर्धं ठेव तुझ्यापाशी.’ ती म्हणायची, ‘उस्ता, अर्धं ठेवून काय करू, वाळवण घालू?’ सात वर्षं ती माझ्याकडे होती. सात वर्षं मी हेच सांगितलं.

मग झकिय्याच्या नातीचं लग्न निघालं. उस्ता झकिय्या तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची, खुर्चीतून उठत नव्हती, पण डोळे शाबूत. अब्बासियाला एका हॉलमध्ये, गुरुवारी दुपारी. मी शब्द टाकला की नाचायला माझी मुलगी येईल. मला काय हवं होतं ते तुला सांगायला नको. मला स्वतःला नाही म्हणाली ती ‘बरं केलंस’, पण माझ्या हातची मुलगी बघून तरी म्हणेल. एवढंच. एवढ्याशा शब्दाची भूक, बघ. त्या लग्नासाठी तफीदाने नवा पोशाख शिवला, समुद्रासारखा निळा, तीन आठवडे रात्रंदिवस मणी लावत होती.

आणि सोमवारी, क्लासात, ती मध्येच थांबली. बेंबीपाशी दुखतंय म्हणाली. मी म्हटलं नाचणाऱ्या बाईचं पोट दुखतंच, जिऱ्याचं पाणी पी. मंगळवारी आली तर चेहरा पिवळा, दुखणं उजवीकडे खाली सरकलेलं, दोनदा उलटी झालेली. मी तिला शिकवलं, दुखण्यात श्वास सोड, त्याच्याशी भांडू नकोस, त्याला वाट दे. मला झकिय्याने हेच शिकवलं होतं. आणि तिने सोडला श्वास, गुणी पोर ती. बुधवारी आलीच नाही, तफीदाचा निरोप आला की पाय पोटाशी घेऊन पडून आहे, डॉक्टरला बोलवू का. मी निरोप पाठवला — मी म्हटलं, उद्यापर्यंत थांब, लग्नाच्या धास्तीने होतं असं, मलाही व्हायचं. गुरुवारी सकाळी ती स्वतः आली जिना चढून. हसत! ‘उस्ता, थांबलं! पहाटे एकदम थांबलं. कळ अशी गेली जशी कधी नव्हतीच.’ झालं. आम्ही गेलो. ती नाचली. आणि पोरी, काय नाचली ती! शुक्रवारी सकाळी घरात कोसळली, शनिवारी दुपारी गेली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरने तफीदाला सांगितलं, आतड्याचं शेपूट सुजलं होतं, ते फुटलं. फुटतं तेव्हा कळ थांबते म्हणे थोडा वेळ. सुटल्यासारखं वाटतं. गुरुवारी दुपारी जरी आणली असती तरी — तर असं. बावीस वर्षांची. नशिबाचा खेळ, दुसरं काय. कुणालाच कळलं नाही. ती स्वतःच म्हणत होती ना थांबलं म्हणून, मग कुणाला कळणार? चहा गार झाला तुझा, दुसरा करू?

काय म्हणालीस?

…परत बोल.

पोट कडक झालं असेल — असं म्हणालीस? तुला कसं — अच्छा. औषधाच्या दुकानात काम करतेस. पिशवीतून पांढरा डगला डोकावतोय, बघितला मी मघाशी, मला वाटलं शिवायला आणलायस. अच्छा. शिकवतात होय तुम्हाला. फुटल्यावर पोट फळीसारखं होतं, हात लावून कोणालाही कळतं. कोणालाही.

थांब जरा. खिडकी लावते. रंधा फार वाजतोय.

…एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नाही मला. सगळे विचारायचे कशी नाचली. मुतवल्लीनेही नाही विचारलं, आणि तो तर पडद्याच्या पलीकडेच बसला होता, दरबुक्याचं कातडं शेगडीवर तापवत. आत मी आणि ती. तिने निळा पोशाख घातला, आणि कमरपट्ट्याचा आकडा लागेना. म्हणाली, ‘आईने घट्ट केलाय, उस्ता, की मी फुगलेय?’ मी म्हटलं बघू. आणि मी हात ठेवला. सवयीने. बेंबीच्या खाली, नुसता टेकवला. म्हटलं, श्वास सोड. तिने सोडला. आणि पोट खाली गेलं नाही. — तुला नाही कळणार — नाही, तुलाच कळेल. श्वास गेला आणि पोट तिथल्या तिथे. तापलेलं, आणि असं, या मेजासारखं. हजारो पोटांवर हात ठेवला होता मी, पोरी. बाळंतिणींच्या, उपाशी मुलींच्या, आजारी बायकांच्या. जिवंत पोट कसं असतं ते मला माझ्या नावापेक्षा जास्त माहीत आहे. ते पोट नव्हतं. माझ्या हाताला कळलं. मला म्हणजे — नाव नसेल माहीत आजाराचं, पण हे बरोबर नाही, ही आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायला हवी, हे कळलं, जसं विस्तव आहे हे कळतं. आणि पडद्यापलीकडे बायकांनी झगारीत, आनंदाच्या किलकाऱ्या, घातल्या, वाद्यं सुरू झाली, मी फटीतून बघितलं, झकिय्याची खुर्ची पुढे आणून ठेवत होते. आणि मी हात काढून घेतला. आकडा एका घराने सैल लावला. आणि म्हटलं, ‘चल. आणि थोडकं कर आज.’

एवढंच म्हटलं.

आणि तिने केलं थोडकं! सात वर्षांत जे जमलं नव्हतं ते त्या दुपारी जमलं. आली आणि उभी राहिली नुसती, कंबर एकदा टाकली, आणि थांबली — अख्खा हॉल थांबला, वाढपी थांबले ताटं घेऊन. हात उचलला तर जणू पाण्यातून उचलतेय. पोट हललंच नाही. लोकांना वाटलं काय हा ताबा, काय हा संयम, या वयात! मी कोपऱ्यात उभी, आणि मला माहीत होतं पोट का हलत नाहीये. माहीत होतं, आणि तरी, अल्लाची शपथ, तरी माझे डोळे भरून आले, इतकं सुंदर होतं ते. हे मी कुठे ठेवू सांग. माझ्या आयुष्यात बघितलेला सगळ्यात चांगला नाच तो, आणि तो नाच नव्हताच, ती पोर मरत होती. संपल्यावर झकिय्याने मला बोलावलं, माझं मनगट धरलं — हाडं नुसती तिची — आणि म्हणाली, ‘हिला थांबता येतं. हे तू शिकवलंस?’

मी म्हटलं, ‘हो, उस्ता. मी शिकवलं.’

…नाही, पाणी नको. बस तू.

तर तफीदा. तिचं ऐक आता, सुरू केलंय तर ऐकच. दर वर्षी त्या दिवशी ती कबरीवर जायची, गोड पाव वाटायची गरिबांना, आणि त्यातले दोन फडक्यात बांधून माझ्याकडे आणायची. तू बसलीस ना तिथेच बसायची. मणी लावून लावून डोळे गेले होते शेवटी, जिना चाचपत चढायची, पण यायची. आणि म्हणायची, ‘बहीगा, सांग ना गं, त्या दिवशी कशी होती ती?’ मी सांगायची. कशी आली, कशी थांबली, वाढपी कसे थबकले, झकिय्या काय म्हणाली. ती ऐकायची, मान हलवत. आणि दर वेळेला, दर वर्षी, न चुकता, ती म्हणायची, ‘त्याच्या आधीचं सांग. कपडे घालताना काय म्हणाली माझी पोर?’ मी म्हणायची, ‘हसत होती.’ ‘आणखी?’ ‘आणखी काही नाही, तफीदा. हसत होती.’ मग ती पाव मोडायची, अर्धा मला द्यायची. आणि मी खायची. मेलेल्या मुलीच्या नावाचा पाव, तिच्या आईच्या हातून, एकोणीस वर्षं मी खाल्ला. घशाखाली जायचा, तेच तर.

का नाही सांगितलं? अगं, पहिल्या वर्षी सांगणार होतेच. तर ती पहिल्याच वर्षी म्हणाली, ‘देवाने घेतली, पण जाताना तिला एक चांगली दुपार दिली, ती तुझ्यामुळे.’ आता यावर काय सांगायचं? दुसऱ्या वर्षी म्हटलं पुढच्या वर्षी. मग ते पोटातच राहिलं. खरं सांगू, मला वाटायचं ती मला काही विचारत नाहीये, नुसती आठवण काढतेय. म्हातारी बाई, तेच तेच विचारते. असं वाटून घ्यायची मी.

या हिवाळ्यात तिने अंथरूण धरलं. मी जायची, सूप घेऊन. एका दुपारी शेजारीण खाली गेली होती, आम्ही दोघीच, आणि मला वाटलं झोपलीय. तर डोळे मिटलेलेच, म्हणाली, ‘बहीगा, त्या संध्याकाळी मी तिचा पोशाख सोडत होते. ती मला हसून म्हणाली — आई, आज गंमत झाली. उस्ताने पोटावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. मी एवढी वाईट नाचते का गं?’

कळतंय तुला? तिला माहीत होतं. त्या संध्याकाळपासून. म्हणजे दुसऱ्या दिवशी मुलगी कोसळली तेव्हा, डॉक्टर बोलला तेव्हा, मी मातीला गेले आणि तिच्या गळ्यात पडून रडले तेव्हा, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी, जिना चाचपत चढताना, पाव मोडताना — तिला माहीत होतं. ती आठवण काढायला येत नव्हती. ती मला एक दार उघडून द्यायला येत होती. दर वर्षी. कपडे घालताना काय झालं, बहीगा? सांग. आणखी? आणि मी — हसत होती. तिने ते पोटात घालायचं ठरवलं होतं गं, मी ते तोंडाने बोलायचीच ती वाट बघत होती. एकोणीस वर्षं कोण वाट बघतं कुणाची?

आणि त्या दुपारी तिने ते स्वतःच उच्चारलं, माझं ओझंही तिनेच उचललं, मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. एक शब्द. तिने डोळे उघडले, दिसत नव्हतं तरी माझ्याकडे बघितलं. माझा हात तिच्या हातात होता, हाच, उजवा. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं —

मी म्हटलं, ‘कुठली संध्याकाळ, तफीदा?’

तिने माझा हात सोडला. रागाने नाही. भांडं खाली ठेवतात तसा, अलगद, पांघरुणावर ठेवला. आणि भिंतीकडे वळली. तीन दिवसांनी गेली. तीन दिवस मी रोज जात होते, शेजारीण म्हणायची, झोपल्यात. झोपली नव्हती. नुसत्या पाठीकडे बघून कळतं मला कोण झोपलंय आणि कोण नाही. काल चाळिसावा दिवस झाला तिचा. मी बायकांमध्ये बसले होते, सगळ्या मला म्हणत होत्या, तुझ्याइतकं तिचं कुणी नव्हतं.

नको, माझा हात नको धरूस. सोड. तू चांगल्या घरची आहेस, चांगलं मन आहे तुझं, पण सोड.

जिन्यात आवाज येतोय ना? मुली आल्या. चारची वेळ झाली. मला ओढणी बांधायची अजून. ऐक, रोडा बेटावर सबाहची धाकटी बहीण शिकवते, सोहैर. साधीशी बाई, कंबर तिची स्वतःची लाकडाची आहे, पण कुठल्याही मुलीने ‘आई गं’ म्हटलं की वाजवणं बंद करते आणि विचारते, कुठे? मी हसायची तिला. दहा मिनिटंसुद्धा सलग नाच होत नाही तिच्या क्लासात, सारखं कुठे, कुठे, कुठे. तिच्याकडे जा तू.

— नाही. इथे नाही. कितीही म्हणालीस तरी नाही. तुला चालणं येतं, मघाशी खोटं बोलले मी, डावं पाऊल ओढत नाहीस तू. म्हणूनच नाही.

आणि नाव सांगू नकोस. मी मुद्दाम विचारलं नाही. नको म्हटलं ना — अगं, उघडतेस कशाला तोंड, बूट घाल. मुलींना आत येऊ दे. जा.